आधी रेडिओ बंद करा

पुढच्या चाकातून घरघर येतेय म्हणून तुम्ही गाण्याचा आवाज वाढवला असेल, तर आधी तो रेडिओ बंद करा. काचा खाली घ्या. एसी असेल तर तोही बंद. जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी बाळगणाऱ्या समस्त पुणेकरांना माझी एकच विनंती आहे : गॅरेजची पायरी चढण्याआधी दोन दिवस आपल्या गाडीचा आवाज स्वतः नीट ऐका. 'आवाज येतोय' एवढं सांगून गाडी सोडून येऊ नका. तो केव्हा येतो, केव्हा जातो आणि कशाने वाढतो, ते ठाऊक असू द्या. तेवढ्याने निम्मं निदान होतं आणि खिशातले बरेच पैसे वाचतात.

आपल्या शहरात अशा गाड्यांना तोटा नाही. लष्कराच्या लिलावातून सुटलेल्या जिप्सी आहेत, गावच्या शेतावरून इकडे आलेल्या महिंद्राच्या जीप आहेत. १९९८ साली बाजारात आलेली आणि आपल्याच पिंपरीत तयार झालेली टाटा सफारी आहे, फोर बाय फोर बोलेरो आहेत. आठवडाभर या गाड्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या असतात आणि रविवारी सिंहगड, पानशेत नाहीतर ताम्हिणी गाठतात. १५ वर्षं झाली की संगम पुलाजवळच्या आरटीओत फेरनोंदणी होते, त्यानंतर दर ५ वर्षांनी पुन्हा. कागद नवा होतो. बेरिंग जुनं ते जुनंच राहतं.

माझी स्वतःची फजिती आधी सांगतो, म्हणजे मी उंटावर बसून शेळ्या हाकत नाहीये हे कळेल. माझ्या जिप्सीला पुढे, चाक अ‍ॅक्सलला जोडणारे-सोडणारे, हाताने फिरवायचे हब आहेत. एका पावसाळ्यात ताम्हिणीहून आलो आणि दुसऱ्या दिवसापासून डाव्या पुढच्या चाकातून खर्र-खर्र सुरू झालं. मी गाडी एका गॅरेजला नेली. त्यांनी ती पार्किंगमधून दहा पावलं पुढे घेतली आणि म्हणाले, "बेरिंग गेलं, दोन्ही बाजूंची टाकून घ्या." टाकून घेतली. बिल भरून निघालो आणि स्वारगेटला पोचेपर्यंत खर्र-खर्र परत हजर. दुसऱ्या गॅरेजने ब्रेकवर संशय घेतला, नवे पॅड बसवले. आवाज जागेवर.

शेवटी एका मित्राने ज्यांच्याकडे धाडलं, त्या चाचांनी गाडीला हातच लावला नाही. पाना पुसत त्यांनी विचारलं, "कधी येतो आवाज?"

"येतो म्हणजे... चालवताना येतो."

"ते झालंच हो साहेब. ब्रेक मारल्यावर? वळताना? न्यूट्रलला? फोर-व्हील टाकल्यावर राहतो का जातो?"

मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. मला वाटलं, आता ते चक्कर मारून येतील. त्यांनी किल्ली माझ्याच हातात ठेवली. "जावा, ऐकून या."

अर्ध्या तासात ऐकून आलो. फोर-व्हील टाकल्यावर आवाज गायब होत होता, टू-व्हीलला आणलं की परत येत होता. चाचा खाली बसले आणि डाव्या हबवरची गोल कळ बोटांनी चाचपून हसले. ताम्हिणीच्या चिखलात मी हब लॉक केले होते आणि घरी आल्यावर सोडताना डावी कळ पुरती फिरलीच नव्हती. ती 'फ्री' आणि 'लॉक' यांच्या मध्येच अडकली होती. आतले दाते एकमेकांत धड बसतही नव्हते आणि सुटतही नव्हते, नुसते एकमेकांना खात होते. हब उघडला, सुकलेला लाल चिखल काढला, दाते पुसून हलकं ग्रीस लावलं. काम वीस मिनिटांचं. याआधी मी दोन बेरिंगसंच आणि पॅडचा एक जोड यांचे पैसे मोजून बसलो होतो, आणि मूळ चूक माझीच होती.

तेव्हापासून मी गाडीचं ऐकायला शिकलो. आपली भाषा या कामाला फार सोयीची आहे. घरघर, खरखर, किरकिर, कटकट, खडखड हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरत नाही, आणि चाकातले दोषही एकसारखे बोलत नाहीत. मिस्त्रीला नेमका शब्द सांगितलात तर तो कान टवकारतो.

घरघर म्हणजे जात्यासारखा, न तुटणारा, जाड आवाज. गाडीचा वेग वाढला की तो चढतो, वेग उतरला की उतरतो. हा बहुधा बेरिंगचा. खात्री करून घ्यायला सकाळी सहाला मोकळा, सपाट रस्ता गाठा. साठच्या वेगाला गाडी न्यूट्रलला टाका. इंजिन मात्र चालू ठेवा, किल्ली फिरवून बंद करायचा शहाणपणा करू नका, ब्रेकचं बूस्टर आणि स्टिअरिंग दोन्ही हातचं जाईल. इंजिन मंद झालं तरी घरघर तशीच राहिली, तर दोष चाकाकडचा. इंजिनाबरोबर ती उतरली, तर चाकाच्या मागे लागू नका, शोध दुसरीकडे घ्या.

मग त्याच मोकळ्या रस्त्यावर, पुढेमागे कोणी नाही हे बघून, बेताच्या वेगात गाडी हळूच डावीकडे-उजवीकडे झुलवा. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकावर पडतो. तेव्हा घरघर वाढली तर संशय उजव्या बेरिंगवर. उजवीकडे झुलवल्यावर वाढली तर डाव्यावर. हा नियम नेहमी खरा ठरतोच असं नाही. आवाज चॅसीमधून प्रवास करतो आणि डावीकडचा उजवीकडे ऐकू येतो, ड्रायव्हरच्या कानाला तर फारच फसवतो. म्हणून शेजारी कोणालातरी बसवा. माझा अनुभव असा की घरातल्या शाळकरी मुलाला 'कुठून येतोय सांग' म्हटलं की तो आपल्यापेक्षा अचूक सांगतो. आणखी एक सोपी युक्ती म्हणजे काच खाली करून लांबलचक भिंतीच्या कडेने किंवा पुलाच्या कठड्यालगत हळू जा. भिंत आवाज परत फेकते आणि त्या बाजूच्या चाकाचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं.

इथे एक फसगत सांगून ठेवतो. हौसेने जाड नक्षीचे, चिखलात चालणारे टायर लावलेत आणि ते एका कडेने करवतीसारखे झिजलेत, तर तेही हुबेहूब बेरिंगसारखे घरघरतात. तळहात टायरवरून एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा. एका दिशेला गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेला टोचरं लागलं, तर पुढचे टायर मागे टाकून बघा. आवाजही मागे गेला, तर बेरिंगवरचा खर्च वाचला.

किरकिर किंवा पत्रा घासल्यासारखी चर्र-चर्र ब्रेक दाबल्यावर येते-जाते, ती ब्रेकची. पॅड संपून लोखंडी पाठ डिस्कवर घासू लागली की अशी चर्रर होते की शेजारचा रिक्षावालाही वळून बघतो. डिस्क थंड असताना तिच्या कडेवरून नख फिरवा, खोल चर लागला तर पॅड बदलून भागणार नाही. पण खडीच्या रस्त्यावरून, धरणाच्या कच्च्या वाटेवरून आल्यावर अचानक जीव खाणारी किरकिर सुरू झाली, ब्रेकचा आणि तिचा काही संबंध दिसेना, तर घाबरू नका. डिस्कच्या मागे पातळ पत्र्याचं झाकण असतं, त्यात आणि डिस्कमध्ये एखादा खडा अडकलेला असतो. गाडी चालण्याच्या वेगाने पाच-सहा मीटर मागे घ्या, पुन्हा पुढे घ्या. पुष्कळदा तो टुणकन खाली पडतो. नाही पडला तर चाक काढून पत्रा बोटभर मागे वाकवला की काम झालं. या खड्यापायी लोकांनी अख्खे कॅलिपर बदललेले मी पाहिले आहेत.

कटकट मात्र वेगळी. स्टिअरिंग पूर्ण तोडून वळताना, पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद मिळत असताना, ठराविक तालात कट-कट-कट येते ती पुढच्या अ‍ॅक्सलच्या सांध्याची. जुन्या जीपमध्ये तिथे उघडा क्रॉस असतो, जिप्सीत गोळ्यांचा सीव्ही जॉइंट गोल नकलच्या आत झाकलेला असतो. नकलच्या खालून काळा ओघळ आलेला दिसला, तर डिफरन्शियलचं ऑइल आतलं सील ओलांडून ग्रीसमध्ये शिरलंय आणि त्याचं सार झालंय असं समजा. सारावर बेरिंग टिकत नाही. ही कटकट हब 'फ्री' केल्यावर बंद झाली, तर निदान आणखी पक्कं, कारण तेव्हा चाक फिरतं पण अ‍ॅक्सल उभा राहतो.

आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकून यू-टर्न घेताना गाडी अडते, टायर ओरडतात, पुढून धक्के बसतात, त्याला कृपया बिघाड म्हणू नका. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावर चालतात. जुन्या गाड्यांत पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये तो फरक सामावून घेणारं मधलं डिफरन्शियल नसतं. चिखलात टायर घसरून हिशेब जुळवतात, डांबरावर तो हिशेब गिअरच्या दात्यांतून वसूल होतो. चांदणी चौकात फोर-व्हीलचं काही काम नाही. ती ताम्हिणीसाठी राखून ठेवा.

आता जॅक. पुढचं चाक उचलण्याआधी गाडी सपाट जागी घ्या, मागच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. काही जुन्या जीपगाड्यांत हँडब्रेक चाकांना नसून प्रॉपेलर शाफ्टला असतो, एकट्या त्याच्यावर विसंबू नका. अ‍ॅक्सलखाली घोडी लावल्याशिवाय हात आत घालू नका. आणि एक चाक अधांतरी असताना इंजिन चालू करून गिअर टाकून 'बघू आवाज येतो का' हा प्रयोग फोर-व्हील गाडीवर तर कधीच नको. जमिनीवरची चाकं गाडीला जॅकवरून पुढे ढकलून देतील.

हब 'फ्री' करा आणि चाक हाताने फिरवा. दुसरा हात स्प्रिंगवर किंवा नकलवर ठेवा. चाचांनी मला हे शिकवलं तेव्हा माझा हात धरून स्प्रिंगच्या पाट्यावर ठेवला होता. कानाला काही ऐकू येत नव्हतं, पण बोटांना वाळू चाळल्यासारखं कळत होतं. दुसऱ्या बाजूच्या चाकाला तेच केलं, तर हाताला काहीच लागलं नाही, नुसतं मऊ फिरणं. दोन्ही बाजू तपासायच्या त्या यासाठी. एका बाजूचं कितपत वाईट आहे, हे दुसरीमुळे समजतं.

मग चाक वरून आणि खालून धरून हलवा, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी. खाड-खाड झालं तर बेरिंग सैल आहे किंवा किंगपिन गेलाय. कोणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर बेरिंग, तरीही राहिली तर किंगपिन नाहीतर बॉल जॉइंट. तीन आणि नऊच्या जागी धरल्यावर हललं तर टाय रॉड एंड बघा. एवढं झाल्यावर हब 'लॉक' करा आणि चाक परत फिरवा. मघाशी नसलेला आवाज आता आला, तर चाकाचं बेरिंग निर्दोष सुटलं. दोष अ‍ॅक्सल, सांधा किंवा डिफरन्शियलकडे.

बेरिंग मुळात बिघडतं कशाने, हे कळलं तर पुढचं पथ्य आपोआप पाळलं जाईल. पुण्यात तर हे कळायलाच हवं. चिंचवडला एसकेएफचा कारखाना गेली कित्येक दशकं बेरिंग बनवतोय, आणि ही स्वीडिश कंपनीच मुळी एका गिरणीतल्या कटकटीतून जन्मली : गोथेनबर्गच्या कापड गिरणीत बेरिंग सारखी मोडत होती, म्हणून स्वेन विंगक्विस्टने १९०७ साली स्वतःला सावरून घेणारं बेरिंग काढलं. आपल्या जीपच्या पुढच्या चाकात असतात ती तिरक्या रोलरची. त्यांचं पेटंट हेन्री टिमकेनने १८९८ साली घेतलं, आणि तो होता बग्ग्या बनवणारा. घोडागाडी वळताना चाकावर येणारा आडवा जोर त्याला सोसवायचा होता. घाटात वळणं घेणाऱ्या आपल्या गाड्यांचं दुखणं तेच.

या बेरिंगचा खरा वैरी पाणी. असं होतं बघा : चाळीस-पन्नास किलोमीटर पळून हब तापलेला असतो. मुळशीकडचा एखादा ओढा दिसतो आणि आपण उत्साहाने गाडी गुडघाभर पाण्यात घालतो. तापलेला हब एकदम गार पडतो, आतली हवा आक्रसते आणि जुन्या सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. ग्रीसचा रंग दुधाळ कॉफीसारखा होतो. गाडी पुढचे पंधरा दिवस पार्किंगमध्ये उभी राहते, रोलरवर बारीक गंज धरतो, गंजाचे खड्डे पडतात. आवाज मात्र सुरू होतो दसऱ्याच्या सुमारास. तोवर आषाढातला ओढा कोणाच्या लक्षात असतो? म्हणून सांगतो, पावसाळ्यात पाण्यातून गाडी काढली असेल, तर आवाज असो-नसो, दिवाळीच्या आत पुढचे हब उघडून ग्रीस बघा.

बेरिंग बदलायचं ठरलं तर तिथे उभे राहा. मिस्त्रीला राग येईल असं वाटतं, पण चांगल्या मिस्त्रीला येत नाही. आतलं आणि बाहेरचं अशी दोन बेरिंग असतात, आणि प्रत्येकाची बाहेरची वाटी हबमध्ये ठोकून बसवलेली असते. ती काढायला कष्ट पडतात, म्हणून जुन्या वाटीतच नवं बेरिंग फिरवण्याचा मोह होतो. ते चालणार नाही. जुन्या वाटीतले खड्डे नव्या रोलरला काही महिन्यांत खातात. सील नवंच हवं. जुनं ग्रीस रॉकेलने धुऊन, पूर्ण सुकवून मगच नवं भरायचं, कारण दोन जातींची ग्रीस एकमेकांशी पटतीलच असं नाही. भरायचं ते तळहातावर घेऊन रोलरच्या फटीतून दाबत, दुसऱ्या कडेने वर येईपर्यंत. वरून बोटाने चोपडलेलं ग्रीस म्हणजे भाकरीला बाहेरून लावलेलं मीठ. शेवटचा नट कंपनीने सांगितलेल्या मापाने आवळायचा. सैल राहिला तर चाक डुलतं, जास्त आवळला तर बेरिंग तापून जळतं. जळालेले रोलर मी पाहिलेत, मोरपंखी निळे झाले होते. दिसायला सुंदर, पण ते सिंहगडाच्या उतारावर जाम झाले असते तर हे लिहायला मी नसतो.

माल कुठून घ्यायचा? नाना पेठेत सुटे भाग मिळतात, तसे नकलीही मिळतात. बेरिंगच्या कडेवर आकडा कोरलेला असतो. जुन्या बेरिंगवरचा आकडा कागदावर उतरवून न्या, पक्कं बिल मागा, खोकं फोडलेलं असेल तर परत करा. काही कंपन्यांनी खोकं अस्सल आहे का हे फोनवरून तपासायची सोयही केली आहे. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातून पाने घ्या, जॅक घ्या, जुना टेललॅम्प घ्या, मीही घेतो. बेरिंग आणि ब्रेकचं सामान तिथून नको.

काही खुणा दिसल्या तर मात्र ऐकत बसू नका, गाडी तिथेच बाजूला घ्या. घरघरीबरोबर स्टिअरिंग थरथरू लागलं, ब्रेकचं पेडल पहिल्यापेक्षा खोल जाऊ लागलं, जळक्या ग्रीसचा वास आला, किंवा पंधरा किलोमीटरनंतर हातपंजाची मागची बाजू जवळ नेली तर एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्ट तापलेला लागला, की थांबायचं. कॅलिपर अडकला असेल तरी हब तापतो, पण रस्त्याच्या कडेला हा भेद करत बसण्यात अर्थ नाही. 'कात्रज उतरून घरापर्यंत जाईल हळूहळू' असं म्हणू नका. दोरी बांधून ओढूही नका, चाक फिरतच राहतं. सपाट पाठीच्या गाडीवर चढवून न्या. खर्च येतो, पण चाक निखळून समोरच्या स्कूटरवाल्याच्या अंगावर जाण्यापेक्षा तो खर्च पुष्कळ बरा.

काम झाल्यावर पाचशे किलोमीटरने गाडी परत दाखवा. नवं बेरिंग जागेवर बसताना किंचित सैलावतं, नट पुन्हा बघावा लागतो. चाक उचलायचं, बारा-सहाला हलवायचं, कुलूप-वॉशर सरळ आहे का पाहायचं. याचे पैसे चाचा घेत नाहीत. चहा मात्र आपण पाजायचा, आणि तो कटिंग चालत नाही.